न विचारता दिलेलं पाणी

मायाचं पत्र आलं तेव्हा नाना जेवायला बसले होते. उजवा हात भाताने माखलेला, म्हणून त्यांनी पाकीट डाव्या हाताने आणि दातांनी फोडलं, वाचलं, आणि ताटातला भात तसाच टाकून उठले. त्या पत्राला त्यांनी दिलेलं उत्तर पुढे बरेच दिवस एवढंच होतं.

नानांचं नाव रमाकांत तावडे. लालबाग आणि परळ यांच्या मधल्या एका गल्लीत शिवरामबुवा चाळ आहे. तिच्या पहिल्या मजल्यावर ते जन्मले आणि तिथेच सत्तरी ओलांडून बसले. नोकरी झाली ती कामगारांच्या एका ग्रंथालयात. पुस्तकं द्यायची, घ्यायची, फाटलेल्या पुठ्ठ्यांना पट्ट्या चिकटवायच्या, आणि संध्याकाळी अभ्यासिकेत परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांसाठी दिवे लावून ठेवायचे. बोलायची वेळ फारशी येत नसे आणि नानांना तेच बरं वाटे. वार्षिक सभेत पाहुण्यांना गुच्छ द्यायचा म्हटला तरी त्यांच्या तळहातांना घाम सुटायचा. कुणी मत विचारलंच, तर 'दोन्ही बाजू आहेत' असं पुटपुटून ते चष्मा पुसायला घ्यायचे. पत्रांना मात्र ते वेळच्या वेळी उत्तर देत. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून असेल.

माया तांबे गल्लीपलीकडच्या पंचशील चाळीत राहायची. तिचा नवरा गौतम एका खाजगी शाळेची बस चालवायचा. चालवायचा असंच म्हणायला हवं, कारण चैत्रातल्या त्या संध्याकाळनंतर त्याच्या उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं आणि बसचं चाक त्याच्या हातून सुटलं.

पत्र वहीच्या कागदावर होतं. मायाने लिहिलं होतं :

'आदरणीय नाना, सप्रेम जयभीम. आपल्या गल्लीत दंगल झाली त्या संध्याकाळी पोलिसांच्या पाण्याच्या माऱ्याने ह्यांचा डोळा गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता त्याची चौकशी चालू आहे. पोलीस म्हणतात, गाडीतलं पाणी एकदाच सोडलं, त्यात गाडी रिकामी झाली आणि जमाव पांगला. हे जखमी झाले ते त्यानंतर. म्हणजे पाण्याने नाही, पळताना पडून झाले. दुसरा मारा गल्लीतल्या पुष्कळांनी पाहिला, पण लिहून द्यायला कुणी तयार नाही. पण नाना, ह्यांचा शर्ट मी माझ्या हातांनी पिळला. त्याला नळाच्या पाण्याचा वास नव्हता. शेवाळाचा होता. माझी आजी तुमच्या विहिरीचं पाणी आणायची, तिच्या हंड्याला तोच वास यायचा. गाडी दुसऱ्यांदा भरली आणि ती तुमच्या विहिरीवर भरली, असं मला वाटतं. विहिरीची किल्ली तुमच्याकडे असते. ह्यांच्या हातात दगड होता की नव्हता ते मी तुम्हाला विचारत नाही. हे म्हणतात नव्हता. मी तिथे नव्हते. मला एवढंच लिहून द्या, गाडी तुमच्या विहिरीवर भरली की नाही?'

गाडी भरली होती. नानांनीच ती भरू दिली होती.

शिवरामबुवा चाळीच्या मागच्या अंगणात ही विहीर आहे. वर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. नानांचे वडील धोंडू तावडे गिरणीत साचेवाले होते तेव्हापासून किल्ली तावड्यांच्या घरात. त्याही आधी पंचशील चाळीतल्या बायका हंडे घेऊन अंगणाच्या दाराशी उभ्या राहायच्या, आणि चाळीतल्या कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं. धोंडूंनी ते वरून ओतणं बंद केलं. भांडण झालं, चाळीत दोन महिने त्यांच्याशी कुणी बोललं नाही. त्यांनी किल्ली खोलीबाहेरच्या खिळ्याला अडकवली आणि घरात सांगून ठेवलं, पाणी मागायला येईल त्याला कोण, कुठला, कशाला हवं, हे विचारायचं नाही. मायाची आजी त्या दिवसापासून स्वतःच्या हाताने पाणी शेंदू लागली. आता विहिरीवर पंप आहे, पिण्याला ते पाणी कुणी घेत नाही, धुण्याला आणि गणपतीत मांडव धुवायला वापरतात. पण नियम तोच राहिला. नानांनी आयुष्यात फारसं काही मिळवलं नाही असं त्यांना वाटे. वडिलांचा हा नियम तेवढा त्यांनी न मोडता सांभाळला होता.

त्या संध्याकाळी दोन मंडळांच्या पोरांत एका फ्लेक्सवरून जुंपली. कुणी तो फाडला, कुणी फाडला म्हणून आरडाओरडा झाला, आणि दिवेलागणीला गल्लीत दगड, सोड्याच्या बाटल्या, एक पेटलेली मोटारसायकल. पोलिसांची पाण्याची गाडी नाक्यावर आली. तिच्या टपावरच्या नळीतून पहिला फवारा सुटला तेव्हा नाना गॅलरीत उभे होते. त्यांना, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं.

त्याला कारण होतं. तीसेक वर्षांपूर्वीच्या दंगलीत त्यांचा थोरला भाऊ भिवा दूध आणायला म्हणून खाली उतरला होता. जमाव पांगवायला गोळीबार झाला, आणि दुधाची पिशवी न फुटता भिवाच तेवढा पडला. त्यानंतर नानांनी आयुष्यात एकदाच वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. माणसं पांगवायचीच असतील तर पाणी वापरा, भिजलेला माणूस घरी जाऊन अंग पुसतो, अशा अर्थाचं. ते छापून आलं होतं.

म्हणून फवारा बघताना ते बकुळाला, म्हणजे बायकोला, म्हणाले, "बघ, आता कसं. गोळी नाही, काही नाही."

थोड्या वेळाने फवारा बसला आणि दगड पुन्हा सुरू झाले. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. स्वप्नील होता. वरच्या मजल्यावरच्या सीमाचा मुलगा, पोलिसात ड्रायव्हर. भरतीच्या परीक्षेला बसला तेव्हा अभ्यासिकेतली कोपऱ्यातली खुर्ची नाना त्याच्यासाठी धरून ठेवायचे. निकाल लागला तेव्हा पहिला पेढा त्याने आईच्या आधी नानांच्या तोंडात घातला होता. हेल्मेटची काच वर करून तो म्हणाला, "नाना, किल्ली द्या. गाडी खाली झाली. मागच्या गेटने आत घेतलीय."

नानांनी खिळ्यावरची किल्ली काढून दिली. कशाला, असं विचारलं नाही. विचारायचं नाही हा नियमच होता, आणि विचारायची गरजही वाटली नाही. उलट बॅटरी घेऊन ते स्वतः खाली गेले. गाडीचा जाड पाइप स्वप्नीलने विहिरीत सोडला, गाडीचा पंप घरघरला. नाना बॅटरी धरून उभे राहिले. पाइपाला शेवाळ लागलेलं त्यांना दिसलं. "आत कचरा जाईल रे, जाळी लाव," असंसुद्धा ते म्हणाले. स्वप्नील हसला. "नाना, आंघोळ घालायची नाहीये."

मग गाडी निघून गेली. पुन्हा फवारा, पुन्हा ओरडा, मग बराच वेळ शांतता. नाना गॅलरीत आले तर खाली गटारातून लालभडक पाणी वाहत होतं. त्यांना ते रक्त वाटलं. पण खालून मसाल्याच्या डंकवाल्या बुधाजीचा आवाज आला, "मेली! माझी बेडगी मेली! दोन पोती गेली!" ती मिरची होती. वाळत घातलेली मिरची पाण्याने ओढून नेली होती. नाना कठड्याला टेकले आणि चक्क हसले.

त्या हसण्याची त्यांना नंतर सर्वांत जास्त लाज वाटली.

मायाचं पत्र त्यांनी कपाटातल्या जाडजूड शब्दकोशाखाली ठेवलं. उत्तर लिहायला बसले की पहिलं वाक्य नीट यायचं आणि दुसऱ्याला पेन अडायचं. 'होय, गाडी भरली,' एवढं लिहिलं की पुढचा प्रश्न दिसायचा, गाडी कुणी आणली? आणि स्वप्नीलने आपल्या जबाबात पाणी एकदाच सोडलं असंच लिहून दिलं होतं. सीमानेच ते अभिमानाने सांगितलं होतं, साहेब त्याच्यावर खूश आहेत म्हणून. नानांनी होय म्हटलं की पोरगा खोटा ठरणार. नाही म्हटलं की नाना. काहीच म्हटलं नाही तर कुणीच नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

बकुळा मालवणकडची. ती एकदा कपाट आवरताना म्हणाली, "अहो, ता पत्र असा दाबून ठेवलात तर तेका काय पिलां होतली?"

"दोन्ही बाजू आहेत गं."

"आसतलीच. पण तुमी खंयच्या बाजूक बसल्यात, ता सांगा."

नाना चष्मा पुसायला लागले.

असे दिवस जाता जाता श्रावण आला. गणपतीच्या आधी पोलिसांनी शांतता समितीची बैठक म्युनिसिपल शाळेच्या हॉलमध्ये बोलावली. ज्येष्ठ नागरिक म्हणून नानांना पुढच्या रांगेत बसवलं. साहेब नवीन होते, गोड बोलणारे. ते म्हणाले, गणपतीत नाक्यावर पाण्याची गाडी कायम उभी ठेवावी असा विचार आहे, रहिवाशांचं मत काय?

"मत काय, साहेब," तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली, "आणताच आहात तर सकाळी आमच्या तिसऱ्या मजल्यावर पण दोन मिनिटं सोडा. नळाला करंगळीएवढी धार येते."

सगळे हसले. बुधाजी म्हणाला, "सोडा, पण आधी मला व्हॉट्सॲप करा. मी मिरची उचलतो."

"बुधाजी, तुझी मिरची तर गल्लीने फुकट खाल्ली की."

"खाल्ली नाही रे, प्यायली!"

साहेबही हसले. मग नानांकडे वळून म्हणाले, "तावडे नाना, तुम्ही अभ्यासू माणूस. पाण्याच्या बाजूने तुम्ही फार पूर्वी पेपरात लिहिलं होतं असं कळलं. दोन शब्द बोला."

नाना उठले. तळहातांना घाम आला. त्यांना वाटलं, आता बोलावं. गाडी माझ्या विहिरीवर भरली, असं एक वाक्य; हॉल शांतच होता. त्यांनी तोंड उघडलं आणि जे वाक्य पाठ होतं तेच बाहेर पडलं.

"गोळीपेक्षा पाणी बरं," ते म्हणाले. आणि बसले.

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, एक विचारू का?"

नानांनी मान वळवली. गौतम होता. काळा चष्मा लावून भिंतीला टेकून उभा, शेजारी माया.

"नाना बोलले ते बरोबरच आहे," गौतम म्हणाला. "गोळी लागली असती तर मी इथे विचारायला आलो नसतो. मला फक्त एवढंच विचारायचंय, पाणी कुठे मारायचं, किती लांबून, याचा काही नियम असतो का?"

"असतो ना," साहेब म्हणाले. "कमरेच्या खाली. सुरक्षित अंतरावरून. आधी भोंग्यावर इशारा."

"कमरेच्या खाली?"

"हो."

"मग मी त्या दिवशी डोक्यावर उभा असणार," गौतम म्हणाला.

एकदोघे हसले आणि लगेच गप्प झाले. साहेबांनी पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला आणि विसर्जनाच्या मार्गाचा विषय काढला.

बैठक संपल्यावर जिन्यात मायाने नानांना गाठलं. हातात छत्री, खांद्याला हॉस्पिटलच्या कागदांची पिशवी. "नाना," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला माझं पत्र मिळालं का?"

मागून माणसं उतरत होती. वर साहेब उभे होते. स्वप्नीलची आई सीमा दोन पायऱ्या खाली थांबून कुणाशी तरी बोलत होती. नाना म्हणाले, "पत्र? नाही गं. कुठलं पत्र?"

माया त्यांच्याकडे बघत राहिली. "पोस्टाने पाठवलं होतं. मे महिन्यात."

"पोस्टाचं हल्ली काही खरं नाही," नाना म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण इतका सहज की त्यांनाच तो अनोळखी वाटला.

"असेल," माया म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. नानांना ते बघवेना. "मला वाटलं होतं, काहीतरी झालं असणार. नाहीतर तुम्ही उत्तर दिल्याशिवाय राहता होय? बरं, मी पुन्हा पाठवते."

गौतम मागे आला होता. त्याने नानांच्या कोपराला धरलं आणि म्हणाला, "सांभाळून उतरा नाना. शेवटची पायरी मला अर्धीच दिसते, तुम्हाला पूर्ण दिसते ना?"

नाना घरी आले. बकुळाने विचारलं, "काय झाला बैठकीत?" ते म्हणाले, "टाळ्या मिळाल्या."

पुढच्या आठवड्यात दुसरं पत्र आलं. नानांनी ते उघडण्याआधीच ओळखलं. तेच वहीचं पान, तेच अक्षर, तेच शब्द. मायाने मूळ पत्र ओळन् ओळ पुन्हा लिहून काढलं होतं. शर्टाचा वास, आजीचा हंडा, दगड, सगळं. तळाशी तेवढं नवीन होतं :

'पहिलं पत्र पोस्टात गहाळ झालं म्हणून हे पुन्हा लिहिते आहे. चौकशीत कागद द्यायची मुदत गणपतीपर्यंतच आहे. तुमची भेट झाल्यावर हे म्हणाले, नानांना पत्र मिळालं असेल आणि ते बोलत नसतील. मी ह्यांच्यावर रागावले. मी म्हटलं, धोंडूबाबांचा मुलगा खोटं बोलणार नाही.'

नाना ते पत्र हातात धरून खाटेवर बसले. खोलीबाहेरच्या खिळ्याला विहिरीची किल्ली लटकत होती; खाटेवरून ती नेहमीच दिसायची. ज्या नियमाचा त्यांना अभिमान होता त्यानेच त्यांनी पाणी दिलं होतं. बाबांनी तो नियम केला तो ज्यांना नाकारलं गेलं होतं त्यांच्यासाठी, दाराशी हंडा घेऊन उभ्या असलेल्या बायकांसाठी. पाच-सहा माणसांना एकदम उलथून टाकील अशा नळीला पाणी भरायचं तेव्हा कशाला, हे विचारायला बाबांनी मना केलं असतं का? बाबा कदाचित म्हणाले असते, दे. भिवाची आठवण बाबांनाही होतीच. आणि त्या संध्याकाळी पाणी दिलं नसतं तर पुढे काय वापरलं गेलं असतं, हेही कुणी सांगू शकत नव्हतं. पण पत्राचं उत्तर न देता कपाटात दाबून ठेवायला बाबांनी कधी शिकवलं नव्हतं. हे सगळं त्यांचं स्वतःचं होतं.

बकुळाने त्यांच्या हातातून पत्र घेतलं, वाचलं, आणि परत दिलं. मग म्हणाली, "त्या पोराक आधी सांगा. पाठीमागसून नको."

रविवारी स्वप्नील आईकडे आला की पाच मिनिटं नानांकडे डोकवायचा. त्या रविवारीही आला. बकुळाने नेहमीसारखा पाण्याचा तांब्या आणि भांडं पुढे ठेवलं.

"नाना, गणपतीत ड्युटी आपल्याच नाक्यावर," तो खुर्चीत बसत म्हणाला. "मोदक राखून ठेवा."

"स्वप्नील," नाना म्हणाले, "त्या दिवशी आपण गाडी विहिरीवर भरली."

स्वप्नीलचा चेहरा सावध झाला. "मग?"

"मायाने मला विचारलंय. मी तिला लिहून देणार आहे."

"काय लिहून देणार?"

"भरली म्हणून."

स्वप्नीलने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाना, माझ्या जबाबात एकच टाकी आहे. सगळ्यांच्या जबाबात एकच टाकी आहे. तेव्हाच्या साहेबांनी बसवून सांगितलं होतं. मी काय करणार होतो? आणि मी ड्रायव्हर. नळी वरचा माणूस फिरवतो, त्याला अंधारात कोण कुठे आहे ते दिसत नाही. दगड डोक्यावर पडत होते त्याच्या. मुद्दाम कुणी केलं नाही हो."

"मुद्दाम केलं असं मी लिहीत नाही."

"पण माझं नाव?"

नानांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. "मी गाडी भरू दिली, एवढं लिहितो. किल्ली कुणी मागितली असं त्यांनी विचारलं तर सांगेन. तू स्वतः आधी जाऊन सांगितलंस तर बरं होईल रे. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" स्वप्नील हसला, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. "पाणी द्यायला तुम्ही बॅटरी घेऊन खाली आलात नाना. आम्हाला शाबासकी देत होतात. त्या वेळी नाही विचारलंत, कुणाला लागेल. आता मायाताईने विचारलं म्हणून तुम्हाला आठवलं?"

"हो," नाना म्हणाले. "तसंच झालं."

स्वप्नीलला भांडण हवं होतं आणि समोर नुसतंच हो. तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, "ते दुसरं पाणी मिळालं नसतं, तर साहेब पुढची ऑर्डर काय देणार होते, ठाऊक आहे तुम्हाला? वायरलेसवर मी ऐकत होतो. तेही लिहा."

"लिहितो," नाना म्हणाले. "तू सांगितलंस म्हणून लिहितो."

स्वप्नील खाली न बघता जिना उतरला. त्याने पाण्याला हात लावला नव्हता. बकुळाने भांडं उचललं आणि कठड्यावरच्या तुळशीत पाणी ओतून टाकलं.

दुपारी नाना लिहायला बसले. त्यांनी नेहमीप्रमाणे चार मसुदे केले नाहीत. एकदाच लिहिलं. अक्षर वाकडं आलं ते तसंच ठेवलं.

'सौ. माया तांबे यांस,

तुझं पत्र मला मे महिन्यातच मिळालं होतं. जिन्यात मी तुला खोटं सांगितलं. तू माझ्या बाजूने गौतमशी भांडलीस, ते वाचून मला झोप आली नाही.

दंगलीच्या संध्याकाळी पोलिसांची पाण्याची गाडी पहिल्यांदा रिकामी झाल्यावर आमच्या विहिरीवर पुन्हा भरली. किल्ली मी दिली. बॅटरी मी धरली. पाणी कशाला हवं आहे हे मी विचारलं नाही. गाडी भरून गेल्यावर तिने पुन्हा पाणी मारल्याचं मी गॅलरीतून ऐकलं. हे मी चौकशीत येऊन सांगायला तयार आहे. कोण आलं होतं असं विचारलं तर तेही सांगेन.

हे पाणी मिळालं नसतं तर गोळीबाराचा हुकूम होण्याचा संभव होता, असं मला त्या वेळी तिथे असलेल्या एकाने सांगितलं आहे. ते खरं असेल. माझा भाऊ गोळीने गेला, म्हणून पाणी बरं असं मी अजून मानतो. पण पाणी कुणाच्या हातात जातंय आणि कुठे पडतंय हे बघायचं काम माझंही होतं, हे मला तुझ्या दुसऱ्या पत्रापर्यंत कळलं नाही. गौतमच्या डोळ्याबद्दल मला काय लिहावं ते सुचत नाही. हे पत्र पोचल्यावर मी घरी येतो. दार उघडलंस तर बरं वाटेल, न उघडलंस तर मी समजेन.

रमाकांत धोंडू तावडे.'

त्याखाली त्यांनी चाळीचा पत्ता लिहिला आणि तारीख घातली. सोमवारी सकाळी छत्री घेऊन ते पोस्टात गेले. खिडकीतल्या मुलीने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. पाठवणारा आणि घेणारा यांचे पत्ते वाचून तिला हसू आलं.

"आजोबा, ही तर समोरासमोरची चाळ आहे. गल्ली ओलांडली की झालं. स्पीड पोस्टाचे पैसे कशाला घालवता? हातात नेऊन द्या की."

"नाही," नाना म्हणाले. "तिने पोस्टाने पाठवलं होतं. पोस्टानेच जाऊ दे."

"हरवेल म्हणून भीती नाही ना वाटत? पोस्टाचं लोक काहीबाही बोलतात."

नानांचे कान तापले. "हरवत नाही," ते म्हणाले. "मला सगळी पत्रं मिळतात."

मुलीने पाकिटावर बारकोडची चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला आणि ते मागच्या पिशवीत टाकलं. पावती नानांनी घडी करून खिशात घातली. मग ते गल्लीच्या दिशेने चालू लागले. नाक्यावर गणपतीच्या मांडवाचे बांबू टेम्पोतून उतरवत होते, आणि तिथेच रस्त्याच्या कडेला, अजून रिकामी, पाण्याची गाडी उभी होती.